खड्ड्यातलं पाणी कोणाचं? कोलोरॅडोतल्या वाळू-गोट्यांच्या खाणी आणि नदीचं देणं

आजचा विषय ऐकायला कोरडा वाटेल, पण तो आहे पाण्याचा. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात नदीकाठी वाळू आणि गोटे काढायला जो खड्डा खणतात, त्यात भूजल उघडं पडलं की तिथला कायदा त्या खड्ड्याला विहीर म्हणतो. त्यातून कोणी बादलीभर पाणी शेंदलेलं नसतं, पंप बसवलेला नसतो, तरीही विहीर. खणणाऱ्याने त्या खड्ड्यातून उन्हाने उडालेल्या पाण्याचा महिन्यामहिन्याचा हिशेब द्यायचा आणि तेवढं पाणी नदीला परत करायचं. खाण संपली, यंत्रं निघून गेली, तरी हे देणं संपत नाही.

हा नियम एका दिवसात आलेला नाही. तो तयार व्हायला जवळपास एकशेवीस वर्षं लागली. जे पाणी कोणी नेलंच नाही, नुसतं उघड्यावर पडून उडून गेलं, त्याचं देणं कोणाच्या नावावर टाकायचं, हा त्यातला खरा प्रश्न. आज आपण त्या प्रश्नाचा माग काढणार आहोत.

आधी जागा समजून घेऊ. कोलोरॅडोच्या मधोमध रॉकी पर्वत, आणि त्याच्या पूर्वेला सपाट, कोरडा मुलूख. डेन्व्हर शहर या मुलखाच्या तोंडाशी आहे. तिथे पाऊस आणि बर्फ मिळून वर्षाला जेमतेम १४-१५ इंच पडतं. म्हणजे आपल्या माण-खटावपेक्षाही कमी. शेती होते ती पर्वतावरच्या बर्फाच्या जोरावर. मे-जूनमध्ये बर्फ वितळतो, साउथ प्लॅट नदी आणि तिला मिळणाऱ्या पूदर, सेंट व्रेन यांसारख्या नद्या फुगतात, आणि ऑगस्टमध्ये, ऐन पिकाला पाणी लागतं तेव्हा, त्या उतरलेल्या असतात.

याच नद्यांनी हजारो वर्षं पर्वतातून दगड वाहून आणले, घासून गोल केले आणि खोऱ्यात पसरले. त्यामुळे नदीच्या दोन्ही बाजूंना वाळू-गोट्यांचा जाड थर आहे आणि त्याच्याखाली पाणी न झिरपू देणारा शेल खडक. हा थर पाण्याने भरलेला असतो आणि ते पाणी नदीशी जोडलेलं असतं. म्हणजे नदी दिसते तेवढीच नसते. तिचा मोठा भाग गोट्यांमधून सावकाश चालत असतो. एवढी गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढचा सगळा इतिहास तिच्याभोवती फिरतो.

आता नियमाकडे येऊ. १८७० मध्ये पूदर नदीच्या खालच्या अंगाला युनियन कॉलनी नावाची वसाहत झाली. तेच आजचं ग्रीली. त्यांनी पाट काढले, शेती उभी केली. दोन वर्षांनी वरच्या अंगाला फोर्ट कॉलिन्सला दुसरी वसाहत आली आणि तिनेही पाट काढले. १८७४ च्या उन्हाळ्यात नदी आटली. वरच्यांनी पाणी घेतलं, खालच्यांची पिकं सुकायला लागली. दोन्हीकडच्या लोकांची एका शाळेत बैठक झाली आणि ती चांगलीच तापली. पुढे पाऊस आला म्हणून त्या वर्षी निभावलं. पण एक गोष्ट सगळ्यांना कळली: नदीच्या वरच्या टोकाला बसलेला माणूस नंतर आला असला तरी आधी आलेल्याला उपाशी मारू शकतो.

दोनच वर्षांनी, १८७६ मध्ये, कोलोरॅडो राज्य झालं. राज्यघटनेत लिहिलं गेलं की नदीचं पाणी ही जनतेची मालमत्ता आहे आणि ते वापरण्याचा हक्क ज्याने आधी वापर सुरू केला त्याचा आधी. १८७९ आणि १८८१ च्या कायद्यांनी या हक्कांच्या तारखा नोंदायची पद्धत घातली, पाण्याची वाटणी करणारे वॉटर कमिशनर नेमले आणि त्यांच्यावर स्टेट इंजिनिअर आणला. वॉटर कमिशनर म्हणजे आपला पाटकरीच म्हणा, फक्त त्याच्या हातात पाळीऐवजी तारखांची यादी. नदी कमी पडली की जुन्या तारखेचा हक्कदार 'कॉल' देतो, म्हणजे आपल्या पाण्याची मागणी नोंदवतो, आणि कमिशनर यादीच्या तळापासून एकेक दार बंद करत वर येतो. १८८२ मध्ये कॉफिन विरुद्ध लेफ्ट हँड डिच कंपनी या खटल्यात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगून टाकलं की नदीकाठची जमीन असणं हा हक्काचा आधारच नाही. आधार एकच, आधी कोणी वापर केला.

गंमत बघा, त्याच १८८२ मध्ये आपल्याकडे इंडियन ईझमेंट्स ॲक्ट झाला. मुंबई इलाख्याला तो १८९१ मध्ये लागू झाला. त्यात जमिनीखालचं जे पाणी ठरावीक प्रवाहातून वाहत नाही, ते आपल्या हद्दीत गोळा करण्याचा हक्क जमीनमालकाला मान्य केला आहे. म्हणजे एकाच वर्षी दोन देशांत दोन वाटा फुटल्या. आपल्याकडे विहिरीचं पाणी सातबाऱ्याच्या मागे गेलं. तिकडे नदीचं पाणी तारखेच्या मागे गेलं. जमिनीखालचं पाणी मात्र तिकडेही बराच काळ मोकळंच होतं.

ते मोकळेपण दुसऱ्या महायुद्धानंतर अंगाशी आलं. चांगले पंप मिळायला लागले, वीज आली, आणि साउथ प्लॅट आणि आर्कान्सा या दोन्ही खोऱ्यांत हजारो विहिरी झाल्या. पाटवाले शेतकरी म्हणायला लागले, की आमची तारीख जुनी, पण नदीत पाणीच येत नाही. विहीरवाले म्हणायचे, आम्ही नदीला हातही लावलेला नाही. दोघंही आपापल्या परीने खरं बोलत होते. नदीपासून मैलभर दूर विहीर उपसली तर नदी आज कमी होत नाही; काही आठवड्यांनी, काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनी कमी होते. १९५४ मध्ये ग्लोव्हर आणि बाल्मर या दोघांनी हा उशीर मोजायचं गणित प्रसिद्ध केलं. विहिरीचं नदीपासूनचं अंतर, थराची जाडी, गोट्यांमधून पाणी किती सहज वाहतं, एवढं माहीत असलं की आजच्या उपशातला किती हिस्सा नदीला कधी जाणवेल ते काढता येतं. आजही तिथल्या हिशेबात ग्लोव्हरचं नाव रोज घेतलं जातं.

गणित हातात आल्यावर कायद्यालाही बदलणं भाग होतं. १९६९ मध्ये कोलोरॅडोने नदी आणि तिला जोडलेलं भूजल एकाच यादीत आणलं, राज्याचे सात पाणी-विभाग केले आणि प्रत्येकाला पाणी-न्यायालय दिलं. विहिरींच्या तारखा बहुतेक नव्या, म्हणजे त्या यादीच्या तळाशी. त्या सगळ्या बंद केल्या असत्या तर अर्धी शेती बसली असती. म्हणून एक मधला मार्ग काढला. त्याला आपण भरपाई योजना म्हणू. तुम्ही तुमच्या पाळीआधी पाणी घ्या, पण त्याने नदीला जी तूट येईल ती दुसरीकडून आणून भरा. योग्य वेळी, योग्य जागी, जुन्या हक्कदाराच्या दाराच्या वरच्या बाजूला.

इथपर्यंत गोष्ट शेतकऱ्यांची होती. आता खाणवाले येतात.

डेन्व्हर आणि आसपासची शहरं वेगाने वाढत होती. रस्ते, पूल, इमारती, सगळ्याला काँक्रीट, आणि काँक्रीटला वाळू-गोटे. हा माल जड आणि स्वस्त. लांबून आणला तर वाहतुकीतच पैसे संपतात. तो शहराच्या उंबऱ्यावर, नदीकाठी होता. १९७३ मध्ये राज्याने कायदा केला, की मोठ्या लोकवस्तीच्या काउंट्यांनी असे साठे नकाशावर दाखवावेत आणि घरं बांधून ते अडवू नयेत. १९७६ मध्ये खाणींच्या जमिनी पूर्ववत करण्याचा कायदा आला. खणून झाल्यावर उजाड खड्डा सोडून जायचं नाही, जमीन उपयोगाची करून द्यायची. कायदा चांगलाच होता.

मग खाणवाल्यांनी काय केलं? सगळ्यात सोपं तेच. गोटे काढले की खड्ड्यात भूजल आपोआप भरतं. काठ उताराचे केले, गवत पेरलं, झाडं लावली, मासे सोडले. तळं तयार! बदकं येतात, लोक फिरायला येतात, काठावरची घरं महाग विकली जातात. सगळे खूश. साउथ प्लॅटच्या काठाने अशी तळी वाढत गेली.

पण नदीच्या बाजूने बघा. जे पाणी गोट्यांच्या पांघरुणाखाली होतं, ते आता उन्हात उघडं पडलं. त्या भागात उघड्या तळ्यावरून वर्षाला साधारण मीटरभर पाणी उडतं. पावसाचा जो भाग पूर्वी तिथलं गवत पिऊन टाकायचं, तेवढा वजा केला तरी पाऊण मीटर हिशेबाला धरायला हरकत नाही. समजा तळं ४० एकरांचं आहे. वर्षाला सुमारे १२ कोटी लिटर पाणी गेलं. हे पाणी पुन्हा भरतं कुठून? आजूबाजूच्या थरातून, म्हणजे शेवटी नदीतून. आणि हे एका वर्षाचं नाही. पंप बंद करता येतो, तळ्याचं ऊन बंद करता येत नाही. १९७६ चा कायदा ज्याला जमिनीची दुरुस्ती समजत होता, तेच नदीचं कायमचं नुकसान होतं.

पूदर खोऱ्यातल्या जुन्या हक्कदारांच्या संघटनेने हा मुद्दा न्यायालयात नेला. खाणवाल्यांचं म्हणणं साधं होतं: आम्ही दगड काढतो, पाणी नाही, पाणी आपोआप आलं. १९८८ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने थ्री बेल्स रँच आणि झिगन सँड अँड ग्रॅव्हल या दोन खटल्यांत निकाल दिला. नदीशी जोडलेलं भूजल उघडं पाडणारा असा खड्डा म्हणजे विहीरच. तिला परवाना लागेल, आणि उडणाऱ्या पाण्याच्या भरपाईची योजना लागेल.

निकालाने खळबळ उडाली, कारण आधीच खणलेल्या जुन्या तळ्यांचं काय? कित्येकांचे मूळ मालक केव्हाच निघून गेले होते. १९८९ मध्ये विधिमंडळाने तोडगा काढला. ३१ डिसेंबर १९८० पूर्वी जे भूजल उघडं पडलं, त्याच्या बाष्पीभवनाची भरपाई माफ. त्यानंतर उघडं पडलेल्या प्रत्येक एकराची भरपाई करायची. तारखेची रेघ कुठेतरी मारावी लागते, ती तिथे मारली. पण माफ केलं म्हणून ती जुनी तळी उडायची थांबली नाहीत. तो तोटा नदीच्या, पर्यायाने नव्या तारखेच्या हक्कदारांच्या अंगावर पडला. प्रत्येक माफीचा बोजा कोणाच्या तरी डोक्यावर जातो, हे इतिहासात पुन्हा पुन्हा दिसतं.

आता प्रत्यक्ष हिशेब कसा चालतो ते पाहू. खाण सुरू करायची तर स्टेट इंजिनिअरकडून तात्पुरत्या पर्यायी पाणीपुरवठ्याची मंजुरी घ्यावी लागते. ती ठरावीक मुदतीची असते, मग नूतनीकरण. त्यात खर्चाच्या बाजूला चार कलमं असतात. पहिलं, उघड्या पाण्यावरचं बाष्पीभवन. दुसरं, धूळ बसवायला टँकरने मारलेलं पाणी. तिसरं, काँक्रीटचा कारखाना असेल तर त्यात गेलेलं पाणी. चौथं कलम सहज ध्यानात येत नाही: ओल्या मालाबरोबर ट्रकमधून जाणारं पाणी. ते मालाच्या वजनाच्या साधारण ४ टक्के धरतात. म्हणजे १ लाख टन माल गेला की त्याच्या ओलीतून ४० लाख लिटर पाणी खोऱ्याबाहेर गेलं!

खड्डा कोरडा ठेवायला पंपाने उपसून नदीत सोडलेलं पाणी यात धरत नाहीत, कारण ते नदीलाच मिळालं. पण पंप बंद केल्या दिवशी खड्डा पुन्हा भरायला लागतो आणि नदीचं पाणी आत ओढतो. ती पहिली भरतीही देण्यात धरावी लागते. शिवाय ग्लोव्हरचा उशीर आहेच: जुलैत उडालेल्या पाण्याची तूट नदीला हिवाळ्यातही जाणवत राहते, म्हणून भरपाईही तेव्हापर्यंत करत राहावी लागते. महिन्याच्या महिन्याला तक्ते भरून पाणी-अधिकाऱ्यांकडे जातात. एका बाजूला तूट, दुसऱ्या बाजूला भरणा, आणि बेरीज जुळली पाहिजे.

भरणा येतो कुठून? नवीन पाणी तर कुठेच तयार होत नाही. काही जण शहराचं प्रक्रिया केलेलं सांडपाणी भाड्याने घेतात. बरेच जण जुन्या पाट-कंपन्यांचे शेअर विकत घेतात. इथे एक बारीक नियम आहे. शेतकऱ्याने शंभर हंडे पाणी पाटातून घेतलं, त्यातलं साठ पिकाने प्यायलं आणि चाळीस पाझरून नदीला परत गेलं, असं समजा. तर विकता येतात फक्त ते साठ. परतीच्या चाळीसवर खालच्या लोकांचा हक्क असतो, त्याला धक्का लावायचा नाही. आणि ज्या शेताचे ते साठ विकले, ते शेत पुढे त्या पाण्याने भिजवायचं नाही.

या सगळ्या हिशेबाची दुखरी नस इथे आहे. एका जागी तळं उघडं राहतं, कारण दुसऱ्या जागी शेत कोरडं पडलेलं असतं. खाणींची मागणी शहरांच्या मानाने लहान, पण वाट तीच. दक्षिणेकडे आर्कान्सा खोऱ्यात क्राउली काउंटी आहे. तिथल्या शेतकऱ्यांनी १९७० आणि ८० च्या दशकांत आपलं पाणी शहरांना विकलं, आणि पन्नास हजार एकरांहून जास्त असलेली ओलिताची शेती काही हजार एकरांवर आली. प्रत्येक व्यवहार कायदेशीर होता, नदीचा हिशेब जुळत होता. गावाचा हिशेब मात्र कोणी मांडला नव्हता.

हे देणं टाळायची एक वाटही निघाली. खड्ड्याभोवती खाली शेल खडकापर्यंत चर खणायचा आणि त्यात माती-बेंटोनाइटचा गारा भरून पाणबंद भिंत उभी करायची. मग भूजल आत येत नाही, म्हणजे उघडं पडत नाही, म्हणजे ती विहीर नाही. भिंत खरोखर पाणी अडवते का, याची कसोटी स्टेट इंजिनिअरच्या कार्यालयाने १९९९ मध्ये ठरवून दिली. असा कोरडा, पाणबंद खड्डा म्हणजे शहराजवळचा तयार जलाशय. डेन्व्हरच्या पाणीपुरवठा संस्थेने नदीकाठचे असे जुने खड्डे साठवणीसाठी घेतले. दगड विकून झाल्यावर पोकळीही विकली जाऊ लागली! पण भिंतीलाही सावली असते. गोट्यांमधून चालणारी नदी ती अडवते. वरच्या बाजूला भूजल चढतं आणि तळघरं ओली होतात, खालच्या बाजूला विहिरींची पातळी उतरते.

तरी एक जुना प्रश्न उरत होता. खाणवाला मध्येच दिवाळखोर झाला तर? २००२ च्या मोठ्या दुष्काळाने सगळ्यांना दाखवून दिलं होतं की कागदावरची भरपाई आणि नदीतली भरपाई एक नाही. २००६ मध्ये साउथ प्लॅट खोऱ्यात भरपाईचं पाणी पुरेसं नाही म्हणून शेकडो शेती-विहिरी बंद कराव्या लागल्या, आणि त्याही पेरणीच्या हंगामात. मग खाणींनाच सूट कशी द्यायची? २०१० मध्ये राज्याच्या खाण-विभागाने चालकांना कळवलं, की उघड्या भूजलाची कायमची सोय कशी करणार ते दाखवा. खड्डा बुजवा, भिंत बांधा, पाणी-न्यायालयाकडून कायमची भरपाई योजना घ्या, नाहीतर तेवढ्या रकमेची हमी ठेवा. म्हणजे देणं मागे ठेवून निघून जाण्याची वाट बंद झाली.

मंडळी, यातून आपण काय घ्यायचं? आधी आलेल्याचा हक्क आधी, हे तत्त्व आपल्याकडे जसंच्या तसं आणावं असं आम्ही म्हणत नाही. त्याच्यात स्वतःचा अन्याय आहे. त्या यादीत सगळ्यात आधी राहणाऱ्या मूळ रहिवाशांच्या तारखा कोणी लिहिल्या नव्हत्या. घ्यायची आहे ती मोजायची सवय. आपण उपसा मोजायचा म्हटलं की पंप शोधतो. ज्याला पंप नाही, तो तोटा आपल्याला दिसत नाही. आपल्या दुष्काळी भागात प्लॅस्टिकचं अस्तर लावलेली शेततळी बोअरच्या पाण्याने भरतात आणि ते पाणी उन्हाळाभर उघड्यावर ठेवतात. शेतकऱ्याच्या दृष्टीने ती पाण्याची साठवण असते, आणि एकट्याच्या गरजेला ती खरीही असते. पण खालच्या थरात, कातळाच्या भेगांत, ते पाणी सावलीत होतं आणि शेजाऱ्याच्या विहिरीशी जोडलेलं होतं. आता ते एकाच्या नावावर आहे, आणि रोज थोडं थोडं कोणाच्याच नावावर नाही.

कोलोरॅडोला हे 'कोणाच्याच नावावर नाही' असलेलं पाणी कोणाच्या तरी नावावर लिहायला १८७० पासून १९८९ पर्यंतचा काळ लागला. त्यांनी ते दानशूरपणाने केलं नाही. खालच्या अंगाचे शेतकरी तारखांच्या याद्या घेऊन न्यायालयात उभे राहिले, म्हणून झालं. हिशेब मागणारं कोणीतरी असावं लागतं, आणि त्याच्या हातात मोजमाप असावं लागतं. ही दोन्ही जिथे नसतात, तिथे तळं सगळ्यांना सुंदर दिसतं आणि नदी का आटली ते कोणालाच कळत नाही.

इथे थांबूया. आता प्रश्न घेऊ.